कोठी आणि कोठार

कोठी आणि कोठार हे दोन शब्द हल्लीं एकाच अर्थानें सर्रास वापरले जातात. लिहितां लिहितां एक शब्द दोनदां आला, कीं तिसऱ्या वेळीं दुसरा घालावयाचा, एवढाच कांहीं लेखकांच्या लेखीं त्यांच्यांत भेद उरला आहे. कोशांतही दोहोंचा पहिला अर्थ धान्य सांठविण्याची जागा असाच सांपडतो. पण ज्या घरांत वर्षाचें धान्य एकदम भरण्याची चाल होती, अशा घरांत वाढलेल्या एखाद्या वृद्ध बाईंस विचारून पाहावें. त्या कोठीस कोठार म्हणणार नाहींत, आणि कोठारास कोठी तर नाहींच नाहीं. धान्य दोन्हीं ठिकाणीं तेंच. परंतु कोठारांतलें धान्य घराच्या मालकीचें असे, आणि कोठींतलें धान्य घराच्या पोटाचें. या एका फरकावर घरांतील माणसांचे अधिकार, मानापमान आणि क्वचित् एखाद्या बाईचें उभें आयुष्य अवलंबून असे. म्हणून या जोडीचा विचार थोडा सावकाश करण्याजोगा आहे.

दोन्ही शब्दांचें मूळ संस्कृत 'कोष्ठ'. कोष्ठ म्हणजे चोहोंकडून बंदिस्त अशी पोकळी. शरीरांतील पोकळीसही वैद्यांनीं तेंच नांव दिलें. आयुर्वेदांत मृदु, मध्य आणि क्रूर असे कोष्ठाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि 'कोठा साफ नाहीं', 'त्याचा कोठा जड आहे' असें जें आपल्या घरांतून रोज ऐकूं येतें तें त्याच परंपरेंतलें. रेघा आंखून पाडलेलीं घरें म्हणजे कोष्टक. कैद्यास ठेवण्याची लहानशी खोली ती कोठडी. कोठा या शब्दास हिंदींत जो एक निराळा अर्थ चिकटला आहे त्याच्याशीं आपणांस येथें कर्तव्य नाहीं. गोठा हा शब्द कानास या कुळांतला वाटतो, पण तो परका. तो गाई उभ्या राहण्याच्या जागेवरून, म्हणजे 'गोष्ठ' यावरून आला.

कोष्ठाचें लहान रूप 'कोष्ठिका', त्याची प्राकृतांतून झाली कोठी. कोठार मात्र जोडशब्द आहे. कोष्ठ आणि आगार मिळून कोष्ठागार, त्यांतला 'ग' प्राकृतांत गळाला आणि कोठार झालें. अगदीं याच रीतीनें भांडागाराचें भांडार झालें. (सोनार, कुंभार यांतला 'आर' निराळा, तो 'कार' याचा अवशेष आहे.) आगार हा शब्द एस्. टी. च्या गाड्या उभ्या करण्याच्या जागेस देऊन आपल्या सरकारनें त्याला पुन्हां जिवंत केलें, ही गोष्ट चांगली झाली. आतां या व्युत्पत्तींतून निघणारा अर्थ पाहावा. कोठी म्हणजे एक कोष्ठ. कोठार म्हणजे जेथें अनेक कोष्ठ उभे आहेत तें घर. गुजराथेंत आणि आपल्याकडेही मातीच्या किंवा पत्र्याच्या उंच धान्यपात्रास कोठी म्हणतात, तो मुळाशीं अगदीं लागून असलेला अर्थ होय. पुढें ज्या खोलींत अशा कोठ्या ठेवीत ती खोलीच कोठी झाली; मग त्या खोलींतील सामग्री ती कोठी; आणि शेवटीं ती सामग्री वांटून देण्याची व्यवस्था हीही कोठीच. कोठार हा शब्द असा पसरला नाहीं. तो पहिल्यापासून इमारत होता आणि इमारतच राहिला.

कोठाराचा इतिहास मोठा आहे, आणि तो बहुतेक दुष्काळाचा इतिहास आहे. गोरखपूर जिल्ह्यांत सोहगौरा येथें सांपडलेल्या मौर्यकालीन ताम्रपटांत दोन कोष्ठागारांचा उल्लेख असून तीं अडचणीच्या प्रसंगाकरितां आहेत असें म्हटलें आहे. हल्लींच्या बांगलादेशांतील महास्थान येथें १९३१ मध्यें मिळालेल्या शिलालेखाच्या तुकड्यांतही संकटकाळीं लोकांस दिलेली मदत सुकाळ आल्यावर कोठारांत परत भरावी, अशा अर्थाचा मजकूर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोष्ठागाराध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. त्याच्याकडील मालापैकीं अर्धा जनपदावरील आपत्तीसाठीं राखून ठेवावा, अर्धा वापरावा, आणि नवें धान्य आलें कीं जुनें बाहेर काढावें, असा तेथील दंडक. म्हणजे कोठाराचें पहिलें काम देणें हें नसून न देणें हें होतें. निम्म्या मालाकडे हात जातांच मनास विचारावयाचें, कीं तशी वेळ खरोखरच आली आहे काय?

आपल्या घरांतील कोठाराचा स्वभाव याहून वेगळा नसे. तें बहुधा खळ्याजवळ किंवा वाड्याच्या पुढल्या चौकांत असे, जेथें बैलगाडी थेट लागेल. कोंकणांत भाताच्या मुड्या रचून ठेवीत. देशावर ज्वारी, गहूं हे कणग्यांत, भिंतींत बांधलेल्या बळदांत किंवा जमिनींतल्या पेवांत जात. (सांगलीजवळील हरिपूरचीं हळदीचीं पेवें प्रसिद्धच आहेत.) पेव उघडणें हें जोखमीचें काम. आंतली कोंडलेली हवा विषासारखी असते, म्हणून तोंड उघडून बराच वेळ जाऊं द्यावयाचा, दिवा खालीं सोडून तो विझतो कीं काय तें पाहावयाचें, आणि मगच माणूस उतरवावयाचा. असल्या ठिकाणीं घरांतील बायका जात नसत. कोठाराचा हिशेब पुरुषांकडे, वाड्याच्या ओटीवर बसून होई. तेथें बोलण्यांत मण आणि खंडी येत; वीस मणांची एक खंडी. किती खंडी आली, कुळाकडे किती राहिली, सरकारधाऱ्यासाठीं किती विकावयाची, पुढील साल बुडालें तर किती पुरेल, ही कोठाराची भाषा.

कोठीची भाषा निराळी. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मध्यें एक अंधारी, थंड खोली. तिला बाहेरची खिडकी नाहीं, असलीच तर वीतभर झरोका. आंत रांजण, डेरे, बरण्या, फडताळांत मसाल्याचे डबे, वर टांगलेलें शिंकें, कोपऱ्यांत गुळाच्या ढेपा. आणि दाराशींच लटकणारीं मापें: चिपटें, मापटें, शेर. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. कोठींत खंडी हा शब्द कोणी उच्चारीत नसे. तेथला प्रश्न एवढाच, कीं आज पानें किती? पाहुणा आला तर एक चिपटें अधिक, एकादशी असली तर तांदूळ बंद आणि वरई, साबुदाणा पुढें. कोठारांतून पंधरवड्यास किंवा महिन्यास धान्य कोठींत येई. कोठींतून तें रोज स्वयंपाकघरांत जाई. या दोन पावलांच्या मध्यें एक उंबरठा होता, आणि त्याच्या अलीकडे किल्ली बाईच्या कमरेस होती.

येथें एक शंका येण्याजोगी आहे. पन्हाळगडावर अंबरखान्याच्या तीन प्रचंड इमारती उभ्या आहेत; त्यांस गंगा, यमुना, सरस्वती अशीं नांवें असून त्यांतील सर्वांत मोठीस गंगा कोठी म्हणतात. एवढ्या अवाढव्य इमारतीस कोठी कां म्हणावें? आमच्या मतें ही नांवांतील चूक नव्हे, उलट शब्दाची नेमकी योजना आहे. गडावरचें धान्य विकण्यासाठीं किंवा खंड म्हणून सांठविलेलें नसे. तें शिबंदीच्या रोजच्या शिध्याचें असे. १६६० मध्यें सिद्दी जौहरानें चार महिने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हां गडावरील माणसांचें पोट ज्यावर चाललें ती कोठीच. शिवकालीन बारा महालांतही कोठी हें एक निराळें खातें मोजलेलें आहे. त्याउलट दारूगोळा ठेवण्याच्या इमारतीस आपण दारूकोठार म्हणतों. सिंहगडावर चढून गेल्यावर तें दगडी बांधकाम आजही दृष्टीस पडतें. बारुदीचा शिधा रोज कोणास घालीत नाहींत. ती ठेवावयाची, राखावयाची आणि वेळ आली तर काढावयाची. तेव्हां कोठी लहान आणि कोठार मोठें, असें जें कित्येक सांगतात तें बरोबर नाहीं. आकारावर हा भेद अवलंबून नसून व्यवहारावर आहे.

या व्यवहाराचें उत्तम उदाहरण म्हणजे लग्नघरांतील कोठी. लग्नमुंजीच्या घरीं चार दिवस आधीं एका खोलींत सारें सामान भरीत आणि तिची किल्ली एका व्यक्तीच्या स्वाधीन करीत. हिला 'कोठीवर बसणें' म्हणत. आचारी, पाणके, वाढपी, सोवळ्यांतल्या बायका, मुलांसाठीं दूध मागणाऱ्या लेकुरवाळ्या, सर्वांनीं तेथें यावयाचें. कोठीवरचें माणूस निवडतांना घरच्या वडीलधाऱ्यांची कसोटी लागे. हात फार सैल असला तर तिसऱ्या दिवशीं तूप संपतें. फार आंखडता असला तर व्याह्यांच्या कानावर जातें, आणि ती गोष्ट पुढें वीस वर्षें निघते. साखर मागावयास आलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहून ती खरोखर पाकास हवी आहे कीं कोणाच्या पदराखालीं जावयाची आहे, हें ओळखणारी बाई पाहिजे.

अशी बाई पुष्कळदां घरांतील विधवा आत्या किंवा काकू असे. तिच्या चोखपणाचा तो मान होता, यांत शंका नाहीं. परंतु त्यांत दुसरेंही एक कारण होतें, तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मंगलकार्यांत तिनें समोर येऊं नये अशी रूढि होती. मग तिला कोठींत बसविणें सर्वांनाच सोयीचें पडे. ज्या भाचीच्या लग्नासाठीं तिनें महिनाभर पापड-कुरडया केल्या, तिच्या मंगलाष्टका ती दाराआडून ऐके, आणि 'सावधान' झाल्याबरोबर पेढ्यांचीं तबकें मोजून बाहेर देई. साऱ्या घराची किल्ली जिच्या हातीं, तिला अक्षता टाकावयास मात्र जागा नव्हती.

कोठी हातीं असणें आणि कोठारांत वांटा असणें या गोष्टी किती भिन्न, याचें एक उदाहरण आमच्या नात्यांतील एका घराच्या वाटणीपत्रांत आहे. गांव कृष्णाकांठचें, भाऊ तिघे. थोरले अपत्य नसतां वारले. त्यांच्या पत्नीनें त्यानंतर वीस वर्षें त्या घरची कोठी सांभाळली. १९३२ मध्यें धाकट्या दोघांनीं वाटण्या केल्या. घर विभागलें, जमीन विभागली. खळ्यावरचें कोठार तेवढें गैरसोय नको म्हणून समाईक ठेवलें. वहिनींबद्दल कागदांत एवढेंच लिहिलें, कीं त्यांस हयातीपर्यंत कोठींतून शिधा द्यावा. लिहिणाऱ्याच्या मनांत कपट नव्हतें. वहिनी आणि कोठी या दोन गोष्टी त्या घरांत इतक्या एकजीव झाल्या होत्या, कीं त्याच्या लेखणींतून दुसरा शब्द येताच ना.

अडचण पहिल्याच दिवाळींत उभी राहिली. कोठी आतां कोठें होती? दोन चुली झाल्या, दोन कोठ्या झाल्या. शेवटीं सहा महिने या कोठींतून आणि सहा महिने त्या कोठींतून, असें ठरलें. एका घरीं माप शिगेचें मिळे, दुसऱ्या घरीं वरून हात फिरवून सपाट केलेलें. त्यांनीं एकदांच तोंड उघडलें. "भावोजी," त्या म्हणाल्या, "कोठ्या तुम्हीं दोन केल्यात, पण कोठार अजून एकच आहे ना? माझें वर्षाचें तेथूनच मोजून द्या, म्हणजे दर महिन्यास मापटें घेऊन उभें राहावयास नको." दीर भला माणूस होता, पण त्यानें कागद काढून दाखविला. कागदांत कोठार हा शब्द नव्हता.

कायदेपंडित यावर म्हणतील, कीं विधवेचा अन्नवस्त्राचा हक्क एकत्र कुटुंबाच्या मिळकतीवरच असतो आणि कागदांतील एका शब्दानें तो बुडत नाहीं. तें खरें असेल. परंतु कोर्टाची पायरी चढणें त्या घराच्या रीतींत बसणारें नव्हतें, आणि त्यांच्या तर मुळींच नाहीं. पुढें १९३७ मध्यें हिंदु स्त्रियांच्या मिळकतीच्या हक्काचा कायदा झाला आणि विधवेस नवऱ्याच्या वांट्यांत हयातीपुरता हक्क मिळाला. पण तो त्या वर्षीं १४ एप्रिलपासून अंमलांत आला आणि त्यानंतर मरण पावलेल्यांच्या बाबतींतच लागू झाला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें स्त्रीच्या ताब्यांतील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली, आणि पोटगीदाखल दिलेली जमीनही त्यांत येते असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ मध्यें तुलसम्मा खटल्यांत ठरविलें. वाटणीपत्रांत त्यांच्या नांवें चार पांड जमीन अन्नवस्त्रासाठीं लिहिली असती, तर त्या तिच्या मालकीण झाल्या असत्या. शिध्यास तो कायदा लागू पडण्याजोगें कांहीं नव्हतें. १९६१ मध्यें त्या वारल्या, तोंपर्यंत चिपटीं-मापटीं चालू होतीं.

तोंवर कोठारच राहिलें नव्हतें, हा या कथेचा दुसरा भाग. १९४८ च्या कुळकायद्यानें आणि पुढें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याकडे गेली. खंडाचें धान्य येणें थांबलें. ज्याच्या घामानें तें भरत होतें त्याच्या घरीं तें गेलें, तेव्हां याबद्दल हळहळ करीत बसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. परंतु आपल्या वर्गांतील शेंकडों घरांतून कोठार गेलें आणि कोठी राहिली, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ती वाण्याच्या दुकानांतून भरूं लागली. मुंबईत तर १९४३ मध्यें शिधावाटप सुरू झालें तेव्हांच सरकार कोठीवर येऊन बसलें होतें, आणि माणशीं मोजून देऊं लागलें होतें. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजनें आलीं आणि शेर-पायलीही उठली. आतां सदनिकेंत स्वयंपाकघराला लागून जी अरुंद फळ्यांची खोली असते, तिला कित्येक घरांत अजून कोठीची खोलीच म्हणतात. तिला कोठार म्हणणारें माणूस आम्हांस भेटलेलें नाहीं. मोठ्या प्रमाणावरील सांठ्याची जागा निराळ्याच शब्दांनीं घेतली. सरकारनें महामंडळ काढलें तें वखारीचें, व्यापारी म्हणतात गोदाम, सहकारी मंडळ्या म्हणतात भांडार. कोठार उरलें तें अलंकारापुरतें. रायगड जिल्ह्यास भाताचें कोठार म्हणतात आणि विद्वानास ज्ञानाचें. ज्ञानाची कोठी असें कोणी म्हणत नाहीं, हें विद्वानांनीं मनास लावून घेऊं नये.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत या शब्दानें आणखी एक घोटाळा होतो. हिंदींत कोठी म्हणजे बंगला. हैदराबादेंत रेसिडेन्सीच्या कोठीवरून एका साऱ्या वस्तीचें नांव पडलें आहे. पन्हाळ्यावरही गंगा कोठीपासून फार दूर नसलेली सज्जा कोठी आहे, ती राहण्याचीच इमारत. तेथें धान्य शोधूं नये. इंदूर-ग्वाल्हेरकडील मुलीस पुण्यांतील सासूबाई 'कोठी झाडून घे' म्हणतात तेव्हां तिनें सारा बंगला झाडावयास घेतला, ही गोष्ट विनोदासाठीं रचलेली असावी. ती निदान तीन निरनिराळ्या घराण्यांच्या नांवावर आम्हीं ऐकली आहे.

ज्यांच्या घरीं जुनीं वाटणीपत्रें, मृत्युपत्रें, लग्नाच्या जमाखर्चाच्या वह्या असतील, त्यांनीं तीं चाळतांना या दोन शब्दांपुढें कोणतें माप आलें आहे तिकडे लक्ष द्यावें. मण-खंडी असेल तर ती मालकीची नोंद. चिपटें, मापटें, शेर असेल तर ती खर्चाची. आणि 'कोठींतून' एवढेंच लिहून पुढें माप मुळींच नसेल, तर त्या ओळींत नांव कोणाचें आहे तें जरूर पाहावें. बहुतेक वेळां तें बाईचें निघतें.